रबर तोडण्याच्या रीती आणि धरणांचे दोन तालुके

झिजलेला टायर हा आता निव्वळ भंगारमाल राहिलेला नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २१ जुलै २०२२ रोजी घातक कचराविषयक नियमांत दुरुस्ती केली आणि टायरचे उत्पादक व आयातदार यांच्यावर ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ टाकली. २०२०-२१ मध्ये जेवढे नवे टायर बाजारात आणले, त्याच्या ३५ टक्के वजनाच्या जुन्या टायरची नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यांमार्फत विल्हेवाट लावण्याची सक्ती २०२२-२३ या पहिल्या वर्षासाठी होती. दुसऱ्या वर्षी हे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले आणि २०२४-२५ मध्ये ते पूर्ण १०० टक्के झाले. कंपन्या स्वतः टायर गोळा करीत फिरत नाहीत. पुनर्चक्रण करणाऱ्यांकडून त्या प्रमाणपत्रे विकत घेतात. परिणामी भंगारातल्या टायरला तेलाच्या किमतीखेरीज या कागदाचीही किंमत आली. उद्देश चांगला आहे, यात शंका नाही. परंतु कायद्याने टायर ‘कोणीतरी, कोठेतरी’ मोडलाच पाहिजे असे ठरवले, की ते ‘कोठेतरी’ म्हणजे नेमके कोणाचे गाव, हा प्रश्न उभा राहतो.

मुंबईच्या ग्रामीण परिघाने या प्रश्नाचे एक उत्तर आधीच अनुभवले आहे. वाडा तालुका १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. आता तो पालघरमध्ये आहे. ‘डी प्लस’ सवलतींच्या काळात तेथे कारखानदारी आली, आणि सवलतींचा बहर ओसरल्यावर ज्या उद्योगांना शहराजवळ कोणी उभे करीत नाही, असे काही उद्योगही आले. टायर बंद भट्टीत तापवून तेल काढणारे कारखाने त्यांपैकीच. जानेवारी २०२५ मध्ये तालुक्यातील अशाच एका कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा होरपळलेल्यांत कामगारांची लहान मुलेही होती. भट्टीच्या आवारात मुले का होती, असा प्रश्न शहरी वाचकाला पडेल. बिऱ्हाड कामाच्या जागीच असते, हे त्याचे साधे उत्तर.

वाड्याची हद्द संपते तेथे शहापूर तालुका सुरू होतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि मुंबई-नाशिक महामार्गाच्या जोडीला शहापूरला दुसरा मोठा रस्ता मिळाला. मुरबाडला औद्योगिक वसाहत जुनी आहे. माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता तिला एका बाजूने कल्याणशी आणि दुसऱ्या बाजूने नगर जिल्ह्याशी जोडतो. जमीन शहराच्या मानाने स्वस्त, रस्ते चांगले, महानगर तासा-दोन तासांवर. जुन्या टायरचा धंदा करणाऱ्याला आणखी काय हवे? म्हणूनच वाड्यात जे घडले ते शेजारी घडण्याची वाट न पाहता या दोन तालुक्यांनी, आणि त्यांच्यावर तहान भागवणाऱ्या शहरांनी, रबर मोडण्याचा हा व्यवहार मुळातून समजून घेणे इष्ट ठरेल.

माळ आणि मणी

रबर म्हणजे एक लांबलचक माळ आहे. तिचा प्रत्येक मणी आयसोप्रीन नावाच्या पाच कार्बन अणूंच्या लहान रेणूचा. रबराच्या झाडाला छेद दिल्यावर जो दुधासारखा चीक ओघळतो, त्यात रबराचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. चिकात साधारण तीस ते चाळीस टक्के रबर, उरलेले बहुतांशी पाणी. या रबराचा सरासरी रेणुभार दहा लाखांच्या घरात धरला, तर एकेका माळेत पंधरा हजारांच्या आसपास मणी भरतात. इतक्या लांब माळा एकमेकींत गुंतल्यामुळेच रबर ताणले जाते आणि सोडल्यावर पूर्ववत होते. याच माळा मध्येमध्ये तोडून काही शेकडा मण्यांवर आणल्या, तर रबराचा रबरपणा रासायनिकदृष्ट्या कायम राहतो, पण पदार्थ मात्र काकवीसारखा ओतता येतो. यालाच द्रव नैसर्गिक रबर म्हणतात.

(पावसाळ्यापूर्वी गच्चीवर मारण्यासाठी ‘लिक्विड रबर’ या नावाने जे डबे विकले जातात, त्यांचा याच्याशी सहसा संबंध नसतो. त्यात बहुधा डांबर आणि कृत्रिम बहुलकांचे पाण्यातील मिश्रण असते. नाव सारखे, वस्तू निराळी.)

माळ तोडण्याची सर्वांत जुनी रीत अंगमेहनतीची आहे. लंडनच्या थॉमस हॅन्कॉकने १८२० च्या सुमारास दातेरी यंत्रात रबर रगडले आणि ते मऊ पडल्याचे पाहिले. आजही प्रत्येक रबर कारखान्यात दोन रुळांमध्ये रबर दळून मगच त्यात इतर द्रव्ये मिसळतात. मात्र रगडण्याने माळा काही मर्यादेपर्यंतच तुटतात. त्याने रबर मऊ होते, वाहते होत नाही.

द्रवरूपापर्यंत नेण्यासाठी रसायनांची मदत घ्यावी लागते. यातली लक्षणीय गोष्ट अशी, की हे काम चीक घट्ट करण्यापूर्वी, तो पाण्यात असतानाच करता येते. फिनाइलहायड्रॅझिनसारखे द्रव्य चिकात अल्प प्रमाणात मिसळतात, हवा खेळवतात आणि तापमान साठ-सत्तर अंशांच्या आसपास राखतात. हवेतील प्राणवायू आणि ते द्रव्य यांच्या संयुक्त क्रियेने माळेतील दुहेरी बंध जागोजागी तुटतात. काही तासांपासून एखाद्या दिवसापर्यंतचे हे काम आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश यांच्या साहाय्यानेही तेच साधता येते. दुसऱ्या एका पद्धतीत आधी माळेच्या ठरावीक जागी प्राणवायू जोडून घेतात आणि मग परआयोडिक आम्लाने नेमक्या त्याच जागी माळ कापतात. तुकडा केवढा हवा, हे त्यामुळे बरेचसे आधी ठरवता येते. कात्री कोठे चालवायची हे शिंप्याला ठाऊक असावे, तसा हा प्रकार आहे.

अशा द्रव रबराला उपयोगही आहेत. कठीण रबराचे मिश्रण मऊ करण्यासाठी कारखान्यांत खनिज तेले घालतात. ती कालांतराने पाझरून पृष्ठभागावर येतात. त्याऐवजी द्रव रबर घातले, तर भाजणीच्या वेळी ते गंधकाशी बांधले जाऊन रबराचाच भाग बनते आणि पाझरत नाही. चिकटद्रव्ये, सांधे बुजवण्याचे लेप यांतही ते वापरता येते.

विल्यम्सचे भांडे आणि आजची भट्टी

टायरच्या भट्टीत याच्या अगदी उलट घडते. इंग्रज रसायनज्ञ ग्रेव्हिल विल्यम्स याने १८६० मध्ये नैसर्गिक रबर बंद भांड्यात तापवले, वाफा थंड केल्या आणि त्यातून जो हलका द्रव हाती आला, त्याला आयसोप्रीन हे नाव दिले. रबराचा मूळ मणी कोणता, याचा शोध त्या प्रयोगातून लागला. आज टायरपासून तेल काढणारी भट्टी तत्त्वतः विल्यम्सचेच भांडे आहे, मात्र तोळ्यांऐवजी टनांच्या मापाचे. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की विल्यम्सच्या भांड्यात केवळ रबर होते. टायरमध्ये नैसर्गिक रबराबरोबर कृत्रिम रबर, काजळी, गंधक, झिंक ऑक्साइड, तेले, पोलादी तारा आणि धागे असतात.

हे सारे चारशे ते पाचशे अंशांवर हवेविना तापवले, की माळांचे शिस्तीने तुकडे होत नाहीत. त्यांचा चुराडा होतो. टायरच्या वजनाच्या साधारण चाळीस ते पंचेचाळीस टक्के काळपट तेल, तीसेक टक्के कोळशासारखी भुकटी, दहा-पंधरा टक्के पोलाद आणि उरलेला वायू, असा ढोबळ हिशेब आहे. तेलात गंधक राहतो, बेंझीनसारखे आणि अनेक वलयांचे सुगंधी हायड्रोकार्बनही राहतात. ‘सुगंधी’ हा केवळ रसायनशास्त्राचा शब्द, अशा भट्टीजवळून कधी गेलेल्याला तो क्रूर विनोद वाटेल. हे तेल भट्ट्यांत जळण म्हणून जाते. म्हणजे ज्या रबरासाठी झाड सात वर्षे वाढवावे लागते, त्याचा शेवट कोठेतरी बॉयलरखाली होतो.

त्यातही भट्टी दोन प्रकारची असते. सतत चालणाऱ्या भट्टीत टायरचा चुरा एका टोकाने जातो आणि तेल, वायू, भुकटी बंदिस्त वाटेने बाहेर येतात. खेपेच्या भट्टीत मात्र अख्खे टायर भरायचे, दार लावायचे, तापवायचे, थंड होऊ द्यायचे, दार उघडायचे आणि माणसांनी भुकटी उपसायची, असा क्रम असतो. थंड होऊ देण्याची वेळ हाच या धंद्यातला वाचवण्यासारखा खर्च. दार लवकर उघडले, तर आत कोंडलेला ज्वालाग्राही वायू आणि बाहेरची हवा यांची गाठ पडते. अपघात कसा होतो हे समजण्यासाठी याहून अधिक तांत्रिक ज्ञान लागत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०१६ मध्ये या कारखान्यांसाठी कार्यपद्धती ठरवून दिली. भुकटी यंत्राने, बंदिस्त रीतीने काढावी, उरलेला वायू मोकळा सोडू नये, दाबाची सुरक्षा उपकरणे असावीत, अशा तिच्यातल्या अपेक्षा आहेत. तिचे पालन किती झाले, हे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे आले. एकोणीस राज्यांतील ६३७ कारखान्यांपैकी २५१ नियमांत बसत होते, २७० बसत नव्हते आणि ११६ बंद होते. चालू असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक नियमबाह्य, असा त्याचा अर्थ. २०२२ च्या दुरुस्तीने तेल व भुकटी काढण्यासाठी टायरची आयात बंद केली, हे योग्यच झाले. पण देशात झिजलेल्या टायरपासून काढलेले तेल प्रमाणपत्रासाठी ग्राह्यच राहिले. अंतिम उत्पादन कोणते, यावर प्रमाणपत्राचे वजन ठरते, ही त्यातली जमेची बाजू. मात्र भट्टीमालकाच्या हिशेबात तेलाचे रोख पैसे अधिक जवळचे असतात.

मधला मार्ग

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चिकापासून द्रव रबर करण्याची सौम्य पद्धत टायरला जशीच्या तशी लागू पडत नाही. टायर भाजताना गंधकाने माळांमध्ये आडवे पूल बांधलेले असतात. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधलेली ही क्रियाच टायरला टायर बनवते आणि तीच तो मोडणे कठीण करते. उष्णता, दाब आणि रसायने वापरून हे पूल शक्य तितके तोडायचे, माळा शक्य तितक्या वाचवायच्या, असा एक मधला मार्ग आहे. त्यातून मिळणाऱ्या मालाला बाजारात ‘रिक्लेम’ रबर म्हणतात. ते नव्या रबराच्या तोडीचे नसते, पण पायपुसण्यांपासून टायरच्या काही भागांपर्यंत मिसळून वापरता येते. महाराष्ट्रात याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही; सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत रिक्लेम रबराचा मोठा कारखाना आहे.

याला आर्थिक कारणही आहे. २०२३-२४ मध्ये देशात नैसर्गिक रबराचे उत्पादन सुमारे साडेआठ लाख टन होते आणि खप चौदा लाख टनांवर गेला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये भाव किलोला २४० रुपयांच्या वर पोहोचला. ज्या देशाला दरवर्षी लाखो टन रबर बाहेरून आणावे लागते, त्याने हाती असलेले रबर जळणाच्या तेलात घालवावे, हे व्यवहाराला धरून नाही. तरीही तसे घडते, कारण तेलाच्या भट्टीला भांडवल कमी लागते, कुशल मनुष्यबळ जवळपास लागत नाही, टायर कोणत्याही जातीचा चालतो आणि तेलाला गिऱ्हाईक तयार असते. रिक्लेमच्या कारखान्याला टायर निवडावे लागतात, दळावे लागतात आणि मालाची प्रत सांभाळावी लागते.

सौम्य पद्धती म्हणजे निर्धोक पद्धती, असा समजही करून घेऊ नये. फिनाइलहायड्रॅझिन विषारी आहे. चीक टिकवण्यासाठी त्यात अमोनिया घालतात. चिकावर काम करणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात सेंद्रिय द्रव्यांचा भार मोठा असतो आणि ते प्रक्रियेविना ओढ्यात सोडले, तर पाण्यातला प्राणवायू संपतो. सौम्य पद्धतीचा खरा फायदा एवढाच, की तिचा उपद्रव पाण्यात असतो, मोजता येतो आणि टाकीत अडवता येतो. भट्टीचा उपद्रव रात्रीच्या वाऱ्यावर निघून जातो आणि सकाळी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला सापडत नाही.

जिल्ह्याचे जुने नाते

ठाणे जिल्ह्याचा रबराशी संबंध केवळ भंगारापुरता नाही, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. गुजरात सीमेजवळच्या दापचरी येथे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, रबर मंडळाच्या संशोधन संस्थेने प्रादेशिक केंद्र उभारले आणि १९८० च्या दशकात उत्तर कोकणाच्या हवेत रबराची झाडे वाढवून पाहिली. पाऊस येथे भरपूर. पण तो चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे सात-आठ महिने जमीन कोरडी. केरळात साधारण सात वर्षांत चीक देणारे झाड येथे पाण्याविना दहा वर्षांहून अधिक काळ घेते, आणि पाणी दिले तर हाच काळ सहा वर्षांवर येऊ शकतो, असा तेथील प्रयोगांचा निष्कर्ष निघाला. कोकणात रबर रुजले ते अखेर दक्षिणेला, सिंधुदुर्गात. दोडामार्ग परिसरात त्याच्या लागवडीने जंगलाची जागा घेतल्याचा वाद हा स्वतंत्र विषय आहे.

दापचरीचा निष्कर्ष शहापूर-मुरबाडलाही लागू पडावा, कारण पावसाची रीत तीच. रबराची बाग लावायची तर उन्हाळ्यात पाणी हवे, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या कित्येक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. थोडक्यात, या तालुक्यांत ताजा चीक येणार नाही; यायचे झाले तर टायरच येतील.

जिल्ह्याकडे या विषयातले ज्ञान नाही, असेही म्हणता येत नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रबर उद्योगाची १९५९ पासूनची संशोधन संस्था आहे. रबराची चाचणी, मिश्रणे, प्रत या साऱ्यांचे तज्ज्ञ तेथे बसतात. तेथून वाड्याच्या भट्ट्या जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर असतील. प्रयोगशाळा आणि भट्टी यांच्यामधले हे अंतर रस्त्याने मोजण्यासारखे नाही.

पाण्याचा पाणलोट

या प्रश्नाला शहापूर आणि मुरबाडमध्ये वाड्याहून अधिक धार येते ती पाण्यामुळे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांच्या एकूण साठ्यापैकी जवळपास निम्मा एकट्या भातसाचा आहे आणि भातसा शहापूर तालुक्यात आहे. १८९२ पासून मुंबईची तहान भागवणारे तानसाही तेथेच, सभोवती अभयारण्य घेऊन. औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी जलाशयाने मुरबाडच्या गावांची जमीन घेतली आणि पाणी ठाणे जिल्ह्याच्या शहरांना व कारखान्यांना दिले. भट्टीची भुकटी अतिशय बारीक असते. उघड्यावर पडली, तर उन्हाळ्यात उडते आणि पहिल्या पावसात ओढ्याला मिळते. गळालेले तेल जमिनीत मुरते. गावाच्या विहिरीत जे आज उतरेल, ते धरणाच्या पाणलोटात उद्या पोहोचणार नाही, असे मानायला आधार नाही.

म्हणून हा केवळ ग्रामस्थांचा दुर्गंधीविरोधी लढा समजून शहराने त्याच्याकडे पाहणे आप्पलपोटेपणाचे तर आहेच, शिवाय अदूरदर्शीही आहे. टायर शहराचे, पाणी शहराला, आणि काजळी मात्र कातकरी, ठाकूर, महादेव कोळी पाड्यांवर, ही विभागणी फार काळ टिकणारी नाही.

शहापूर तालुका पूर्णतः आणि मुरबाड अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याने २०१४ मध्ये केलेले त्याचे नियम यांमुळे तेथील ग्रामसभेला आपल्या जल-जंगल-जमिनीविषयी बोलण्याचे स्थान आहे. कारखान्याला संमती देण्याचा अधिकार मात्र जल कायदा (१९७४) आणि हवा कायदा (१९८१) यांखाली राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असतो. या दोहोंची सांगड घालायची, तर ग्रामसभेपुढे येणाऱ्या कागदावर ‘रबर प्रक्रिया उद्योग’ किंवा ‘पुनर्चक्रण प्रकल्प’ एवढेच गोंडस नाव पुरेसे मानता कामा नये. कच्चा माल चीक आहे, रबराचा चुरा आहे की अख्खे टायर. प्रक्रिया साठ अंशांची आहे की पाचशेची. भट्टी सतत चालणारी आहे की खेपेची. दारातून बाहेर काय जाणार, रबर की जळण. आणि भुकटीची पोती कोण, कोणत्या भावाने, कोठे उचलून नेणार, हे त्या कागदावर मराठीत लिहिलेले असावे. यांतला एकही प्रश्न रसायनशास्त्राची पदवी मागत नाही.

पर्यावरणीय तपासणीच्या वेळेचाही विचार व्हायला हवा. खेपेच्या भट्ट्या संध्याकाळी पेटवून पहाटे थंड करायच्या आणि तपासणी कार्यालयीन वेळेत व्हायची, असे असेल तर अहवाल स्वच्छच येणार. धुराड्याचे तापमान आणि भट्टीचा दाब यांची आपोआप नोंद ठेवणारी, मंडळाला थेट दिसणारी यंत्रणा बसवणे आजच्या काळात अवघड नाही. प्रमाणपत्रांचा व्यवहार जर संगणकीय पोर्टलवर किलोपर्यंत नोंदवला जातो, तर भट्टीचे दार किती वाजता उघडले, याची नोंदही त्याच पोर्टलवर करता येईल. प्रमाणपत्र विकत घेणाऱ्या टायर कंपन्यांनाही ती पाहता आली पाहिजे. पैसे त्यांचे जात आहेत.